३५ मिमी असताना लोक १२७ फिल्म का वापरायचे?

तुमचा प्रश्न रास्त आहे: ३५ मिमीचा रोल स्वस्त, सगळीकडे मिळणारा, त्यावर ३६ फोटो, मग १२ फोटोंच्या १२७ नंबरच्या रोलच्या नादी कोण लागेल? माझ्या मते खरं कारण स्लाइडचं, म्हणजे प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक फोटोचं.

कोडॅकने १९१२ मध्ये वेस्ट पॉकेट कॅमेऱ्यासाठी ही ४६ मिमी रुंदीची फिल्म काढली, तेव्हा कौतुक होतं ते कॅमेरा खिशात मावण्याचं. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तो सोबत नेला. पण हौशी मंडळी पुढे जिच्यावर भाळली ती ४ बाय ४ सेंटिमीटरची चौकोनी फ्रेम. बेबी रोलायफ्लेक्स आणि यशिका ४४ हे त्याच मापाचे कॅमेरे.

३५ मिमीची स्लाइड ५ सेंटिमीटरच्या चौकोनी माउंटमध्ये, म्हणजे चौकटीत, बसवतात. ४ बाय ४ ची फिल्मसुद्धा त्याच माउंटमध्ये बसते, फक्त कडेची पट्टी अगदी अरुंद उरते. म्हणजे प्रोजेक्टर तोच, ट्रे तोच, आणि चित्राचं क्षेत्रफळ ८.६४ ऐवजी १६ चौरस सेंटिमीटर! हीच सुपरस्लाइड. ६ बाय ६ ची स्लाइड दाखवायची तर मोठा, महागडा प्रोजेक्टर वेगळा घ्यावा लागे.

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या मामांकडे दोन्ही प्रकारच्या स्लाइड एकाच ट्रेमध्ये लावलेल्या असत. चार आडव्या चित्रांनंतर एक सुपरस्लाइड आली की चित्र वरखाली वाढून चादरीच्या बाहेर भिंतीवर जायचं, आणि आम्ही पोरं ओरडायचो. तो फरक आकडे सांगून कळत नाही, बघावाच लागतो.

आमच्याकडे तरी मामा अपवादच होते. आगफा क्लिक ३ बडोद्यातच बनायचा आणि तो १२० नंबरच्या, जास्त रुंद रोलवर चालायचा, त्यामुळे घरोघरी १२०.

१९६३ मध्ये कोडॅकनेच इन्स्टामॅटिक आणला. फिल्मचं काडतूस टाका आणि फोटो काढा, रोल गुंडाळायची कटकट नाही. ३५ मिमीच्या फिल्मही सुधारत गेल्या. १२७ मागे पडली आणि १९९५ मध्ये कोडॅकने ती बंद केली.

घरात अशा स्लाइड सापडल्या तर जरूर लावून बघा. कोपरे काळे दिसले तर स्लाइडला दोष देऊ नका. काही प्रोजेक्टरची भिंगं फक्त ३५ मिमीपुरताच प्रकाश पसरवतात. दुसऱ्या प्रोजेक्टरवर लावा.