गुहेत राहणारा काल्पनिक प्राणी कसा जगेल?

सहावीतल्या मुलीला प्रकल्पासाठी असा प्राणी घडवायचाय, तर सुरुवात डोळ्यांपासून नको, पोटापासून करा. अंधारात हिरवं काही उगवत नाही. अन्न बहुतेक बाहेरूनच येतं: पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा, वटवाघळांची विष्ठा. बाकी शरीर त्यावरून सुचत जातं.

मी सोलापूरचा, म्हणून माझा प्राणी इथल्या काळ्या बेसाल्ट खडकात राहील. मेघालयासारख्या चुनखडीच्या लांबलचक गुहा आपल्याकडे नाहीत, पण विहिरीला ज्या भेगांतून झरे फुटतात, त्या भेगा आहेत. नाव ठेवू 'झिरपी'. बोटभर लांब, चपटी, पांढुरकी. मिशा अंगापेक्षा लांब, त्यांनीच ती वाट चाचपते. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की जवळपास निपचित पडून राहते. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरातला. तेव्हा कुजका पाला आत येतो आणि ती वर्षाचं खाऊन घेते. अंडी दोन-तीनच, पण मोठी. एवढ्या उपाशी जगात पिल्लाला शिदोरी हवीच.

यातलं बरंच खऱ्या प्राण्यांत आहे. स्लोव्हेनियातल्या गुहांमधला ओल्म हा आंधळा उभयचर अन्नाशिवाय कित्येक वर्षं तग धरतो. मेक्सिकोतल्या गुहांतल्या माशांचे डोळे अंड्यात असताना तयार होऊ लागतात आणि मग विरून जातात. केरळात तर घरच्या विहिरींतून आंधळे मासे निघालेत! ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं.

झिरपीच्या चित्रात डोळ्यांच्या जागी मिटलेल्या पापण्या काढू नका, तिथे नुसती सपाट कातडी दाखवा.