कोल्हापूरहून एका दिवसात कोकणात जाऊन समुद्राकाठानं चालायचा बेत आहे, पण हवा ढगाळ दाखवतायत. जावं का, आणि पायात बूट घालावेत की सँडल?

जावं की. भुरभुर पावसानं कुणाचं काही बिघडत नाही. पण जायचा दिवस मोबाईलवरचा ढग बघून ठरवू नका, पंचांग बघून ठरवा. किनाऱ्यावर माणूस अडकतो तो भरतीनं, आणि हे आमच्या कोल्हापुरात कुणाला पटवायचं म्हणजे फार जड काम आहे.

माझं माहेर रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळचं, सासर कोल्हापूर. इथं पंचगंगेला पूर आला की पुलावरनं उड्या टाकणारी माणसं आहेत आणि माझे धाकटे दीर त्यातलेच. एका वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरची सगळी पहाटेच आंबा घाटानं निघालो. घाटात धुकं, साखरप्याला ऊन, पालीला परत भुरभुर. गणेशगुळ्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उतरलो तेव्हा नऊ वाजून गेलेले. तिथनं काठाकाठानं दक्षिणेला पूर्णगडापर्यंत चालायचं आणि गाडी पुढं किल्ल्याखाली थांबवायची असं ठरलेलं.

पुळण संपली की कातळाचं नाक आडवं येतं, ओहोटी असली तर खालनं वळसा घालून जाता येतं. भाऊजी म्हणाले खालनंच जाऊ, पाणी घोट्याएवढंच आहे. होतं पण घोट्याएवढंच, त्या वेळेला.

आमच्याकडं शेंबड्या पोराला पण हिशोब ठाऊक असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढं, म्हणजे आमच्या प्रतिपदेला साधारण बारा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर थोडी मिनिटं, तेव्हा नऊला पाणी चढत होतं, आणि ते पण पौर्णिमेच्या उधाणाचं, अष्टमीच्या भांगाचं, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीचं, नव्हे. मध्येच अडकलं तर एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला लाट आणि मागं फिरायची वाट पाण्याखाली. बरोबर पोरं होती, त्यातलं एक सात वर्षांचं. मी म्हटलं पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, वर सड्यावरच्या कातळमाळावर चढायचं, खालनं कुणी जाणार नाही. तर भाऊजी म्हणतात, वहिनी, मी पुरात पोहलेला माणूस आहे.

अहो, पुराचं पाणी एका दिशेनं जातं, पोहणाऱ्याला पुढचा काठ दिसत असतो, तो तिरपा तिरपा जाऊन लागतो. कातळावरची लाट उचलून आपटते आणि परत ओढून नेते, तिथं हातपाय मारायला जागा कुठली? खाली कालवांच्या शिंपल्यांनी पात्यासारखा झालेला दगड.

वरनंच गेलो. बाराच्या सुमाराला सड्याच्या कडेवरनं खाली बघितलं तर ज्या कातळावरनं आम्हाला न्यायला निघाले होते तो कातळच दिसेना, नुसता फेस. भाऊजींनी पण बघितलं. तिथं काही बोलले नाहीत आणि कोल्हापुरात येऊन सगळ्यांना सांगितलं की वहिनी घाबरल्या म्हणून लांबनं जावं लागलं. अजून घरात चार माणसं जमली आणि तांबडा-पांढरा वाढायला घेतला की हा विषय निघतोच, सासूबाई पण हसतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या दिवशी वेळ मोजणारी तिथं मी एकटीच होते.

आता ढगांचं. ऑक्टोबरात समुद्राकडं बघून हवेचा अंदाज बांधू नका, पाठीमागं घाटाकडं बघा. परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर तिकडनंच गडगडत खाली येतो. आणि सडा म्हणजे उघडं माळरान, वीज चमकायला लागली की तिथं थांबायचं नाही, एकट्या झाडाखाली तर नाहीच, वाडीत उतरायचं आणि कुणाच्याही पडवीत बसायचं, कोकणात कुणी उठवत नाही. आम्ही दोनच्या आत पूर्णगडात होतो आणि पहिला गडगडाट त्यानंतर झाला. फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप घ्या, विजेपुरतं ते चांगलं आहे. रेंज मात्र सगळीकडं मिळेलच असं नाही, म्हणून भरतीची वेळ घरातनंच कागदावर लिहून न्या. पाऊणपटीचा हिशोब पण अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धराच.

जून-जुलैत जाणार असाल तर माझं वरचं 'जावं की' धरू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते, दर्यात जन्म गेलेली माणसं होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण कातळावर काय करणार. शेवाळानं पाय ठरत नाही. मुचकुंदीची खाडी ओलांडून गावखडीला जायचं झालं तर पुलावरनं जा, पाणी कितीही उथळ दिसू दे.

पायात जुने, पकड असलेले बूट घाला, सँडलमध्ये कालवं कापतात. आणि बरोबरच्या मंडळींना कुठल्या वाटेनं जायचं ते कोल्हापुरातच सांगून टाका, पुळणीवर उभं राहून वाद घालण्यात वेळ जातो आणि तोवर पाणी चढत असतं. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही सांगते, पुढच्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता माझ्याबरोबर त्या सड्याच्या कडेला या आणि मग सासूबाईंना काय दिसलं ते सांगा.