ब्रेकिंगमध्ये (म्हणजे ब्रेकडान्समध्ये) ‘बाइट’ म्हणजे काय?

दुसऱ्या डान्सरची खास, त्याच्या नावाने ओळखली जाणारी मूव्ह जशीच्या तशी उचलून आपली म्हणून दाखवणं म्हणजे ‘बाइट’. वापर असा: ‘त्याने तो फ्रीझ बाइट केलाय’ (फ्रीझ म्हणजे नाचता नाचता एका पोझमध्ये थिजणं) किंवा थेट ‘बाइटर आहे तो’. दुसरं वाक्य चांगलंच झोंबतं, त्यामुळे खात्री असल्याशिवाय वापरू नका. हिपहॉपमध्ये रॅप आणि ग्राफिटीवालेही हाच शब्द वापरतात.

बॅटल, म्हणजे डान्सरांचा आमनेसामने मुकाबला, सुरू असताना हा शब्द बोलतही नाहीत, खुणेने सांगतात. दोन्ही हात समोर ताणून मगरीच्या जबड्यासारखे एकमेकांवर आपटले की समजायचं, बाइटचा आरोप झाला.

नवशिके मात्र इथे उगाच घाबरतात. टॉपरॉक, सिक्स-स्टेप, विंडमिल यांसारख्या ठरलेल्या मूव्ह्ज हा सगळ्यांचा पाया आहे. तो शिकून केला तर कुणी बाइट म्हणणार नाही. दुसऱ्याची कल्पना घेऊन तिला स्वतःचं वळण दिलं तर त्याला ‘फ्लिप’ म्हणतात आणि त्याचं कौतुकच होतं. माझ्या मते शिकण्याचा खरा रस्ता तोच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही परीक्षणाच्या पाच निकषांपैकी एक मौलिकता होता.