‘पणाला लागणे’ आणि ‘पणाला लावणे’: गेमच्या शेवटाबद्दल लिहिताना

प्रश्न असा आहे: विज्ञानकथेवरच्या व्हिडिओ गेमच्या शेवटाचं परीक्षण मराठीत लिहायचं आहे. ‘स्टेक्स’ (गमावण्यासारखं जे असतं ते) आणि ‘पेसिंग’ला (कथा उलगडण्याचा वेग) ‘जोखीम’ आणि ‘गती’ म्हटलं तर चालेल का?

‘जोखीम’ नको. जोखीम म्हणजे नुकसान होण्याची शक्यता. स्टेक्समध्ये विचारायचं असतं की गमावण्यासारखं काय आहे. हिंदीच्या प्रभावानं काही जण ‘डावावर लागलं’ लिहितात, तेही टाळावं. मराठीत डाव म्हणजे खेळाची फेरी किंवा चाल.

नेमका शब्द ‘पण’ आहे, द्यूतातला. पण तो सुटा वापरला की उभयान्वयी ‘पण’शी गोंधळ होतो. ‘शेवटी पण वाढतो’ हे वाक्य वाचणारा अडखळणारच. म्हणून क्रियापदासह लिहावं, आणि तिथे मराठी आपल्याला एक जोडी देते: पणाला लागणे आणि पणाला लावणे. गेमच्या परीक्षणात हा फरक फार मोलाचा आहे.

‘मास इफेक्ट २’ (२०१०) ही अंतराळात घडणारी गेम घ्या. कलेक्टर या परग्रहवासी शत्रूंच्या तळावरच्या आत्मघाती मोहिमेत खेळाडू एकेक साथीदार स्वतः पणाला लावतो. तळातल्या हवेच्या नळीतून पाठवायला तांत्रिक जाणकार हवा: टाली, लीजन किंवा कासुमी, आणि तिची वा त्याची निष्ठा आधी मिळवलेली असावी लागते. दुसऱ्या तुकडीला गॅरस, जेकब किंवा मिरांडासारखा नेता द्यावा लागतो. यातली मेख अशी की नेता चुकीचा निवडला तर मरतो तो नळीतला जाणकार. त्याआधीच, जहाजाचं चिलखत वाढवलं नसेल तर जॅक ही साथीदार वाटेतच मरते. प्रत्येक मृत्यूमागे खेळाडूचा एखादा निर्णय सापडतो, म्हणून इथे ‘लावणे’.

‘मास इफेक्ट ३’मध्ये (मार्च २०१२) रीपर ही महाकाय शत्रूयंत्रं सुरुवातीलाच पृथ्वीवर उतरतात. अख्खी आकाशगंगा पणाला लागते, खेळाडूनं काही केलं किंवा न केलं तरी. अगदी शेवटी मात्र तीन पर्याय समोर ठेवले जातात आणि आधीचे निर्णय त्या निवडीत पुरेसे उमटत नाहीत, ही अनेक खेळाडूंची तक्रार होती. २६ जून २०१२ला आलेल्या मोफत विस्तारित आवृत्तीनं परिणाम दाखवणारी दृश्यं वाढवली, पर्याय नाकारण्याची चौथी वाटही दिली. ‘पणाला बरंच काही लागलं होतं, खेळाडूनं लावलेलं कमी होतं,’ असं लिहिलं तर तक्रार एका वाक्यात कळते. नुसतं ‘शेवट फसला’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं.

आता पेसिंग. ‘गती’ फक्त भरभर की सावकाश एवढंच सांगते. ‘लय’ हा शब्द घ्यावा, विलंबित, मध्य, द्रुत हे टप्पे मराठी कानाला ओळखीचे आहेत. ‘मास इफेक्ट २’मध्ये जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचं अपहरण होईपर्यंत खेळाडू हव्या त्या क्रमानं मोहिमा करत फिरतो, ती विलंबित लय. अपहरणानंतर ती बदलते. कलेक्टरांच्या तळाकडे नेणाऱ्या ओमेगा-४ रिलेतून लगेच गेलात तर सगळे कर्मचारी जिवंत सापडतात. मध्ये एक ते तीन मोहिमा केल्या तर निम्मे मरतात. त्याहून उशीर केलात तर फक्त डॉक्टर चक्वास वाचते. पडद्यावर घड्याळ दिसत नाही, त्यामुळे सवयीनं रेंगाळणारा फसतो.

तळावर लढाया थांबवून पुन्हा पुन्हा माणसं निवडायला लावतात. तिथे वेग मंदावतो आणि ताण चढतो. ‘गती कमी झाली’ एवढंच लिहिलं तर वाचकाला तो दोष वाटेल. ‘लय मुद्दाम खाली आणली आहे’ म्हटलं तर रचना कळते. कथानक खरोखरच रेंगाळत असेल, तर सरळ ‘रेंगाळते’ लिहावं. आणि वाक्यरचना बदलायला कचरू नये: ‘शेवटच्या भागात स्टेक्स हाय आहेत’ याऐवजी ‘शेवटच्या भागात साथीदारांचे प्राण पणाला लागतात’ लिहिलं की काय गमावलं जाऊ शकतं हे वाक्यातच येतं.