नॅनो-औषधांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ व्हायचे असेल तर

(सेलू, जि. परभणी येथील एका पालकांची कन्या सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. कर्करोगावरील नॅनो-औषधांच्या संशोधन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होण्याची तिची इच्छा आहे. डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करावे का, तिच्या आईला वाटते तसा या कामामुळे तिलाच कर्करोग जडेल का आणि नोकरी कायमची असते का, असे त्यांनी विचारले आहे.)

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्नीला वाटणाऱ्या काळजीपासून सुरुवात करतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी हाताळल्याने सर्दी-खोकल्यासारखा कर्करोग लागत नाही. जपून राहायचे असते ते औषधांपासून आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांपासून (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांपासून), कारण कर्करोगाची अनेक औषधे निरोगी पेशींनाही घातक असतात. म्हणून हातमोजे, योग्य सुरक्षा-कपाट आणि कचऱ्याची वेगळी विल्हेवाट यांबाबत कन्येने कधीही तडजोड करू नये.

या क्षेत्रात औषध अतिसूक्ष्म कणांत बांधून गाठीपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न असतो. डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला अपाय करू शकणारे औषध मेदाच्या सुमारे 100 नॅनोमीटरच्या पुटिकांत (अतिसूक्ष्म पिशव्यांत) भरून तयार केलेल्या डॉक्सिलला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तंत्रज्ञाचे रोजचे काम मात्र हाताचे आणि चिकाटीचे आहे. पेशी 37 अंश सेल्सिअस आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवायच्या, त्यांचे गुलाबी पोषकद्रव पिवळसर पडू लागले की ते बदलायचे, कणांचा आकार पुन्हा पुन्हा मोजायचा आणि प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी वहीत नोंदवायची. औषधाने किती पेशी मेल्या हे पाहताना 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये मायक्रोलिटरच्या (मिलिलिटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाने द्रव भरावा लागतो. तिथे हात एकसारखा चालला नाही तर दिसणारा फरक औषधाचा गुण आहे की हाताचा दोष, हेच कळेनासे होते. पेशींना रविवार नसतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत जावे लागते, हे राहण्याची सोय ठरवतानाच लक्षात घ्यावे.

डीएमएलटी हा रुग्णालयातील रक्त-लघवीच्या तपासण्यांसाठीचा उत्तम अभ्यासक्रम आहे आणि परभणी-नांदेडातच काम हवे असेल तर तोच अधिक उपयोगी पडेल. संशोधनासाठी मात्र मी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातील एम.एस्सी. सुचवीन, आणि त्यातील प्रबंध पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यावर, असावा. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञानाचा विभाग आहे, तिथे आधी चौकशी करावी. पुढे पुण्याचे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आणि खारघरचे टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक (कर्करोग उपचार व संशोधन केंद्र) यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. आठवड्याभरात 'नॅनो-तज्ज्ञ' बनवणाऱ्या खासगी प्रमाणपत्रांवर कृपया पैसे घालू नका. अशा प्रमाणपत्राने प्रत्यक्ष हात बसत नाही.

नोकरीबाबत स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. बहुतेक जागा प्रकल्पापुरत्या आणि कंत्राटी असतात आणि निधी संपला की त्याही संपतात. घराची आर्थिक भिस्त तिच्या पहिल्याच पगारावर असेल, तर आधी औषधकंपनीच्या गुणवत्ता-नियंत्रण विभागात काम करून मग इकडे वळणे मला अधिक योग्य वाटते. तशी अडचण नसेल, तर तिला जरूर जाऊ द्या. मुलाखतीत मात्र प्रकल्पाची मुदत किती उरली आहे, मानधन दरमहा मिळते का आणि कर्करोगाची औषधे हाताळण्याचे प्रशिक्षण कोण देणार, हे तीन प्रश्न तिने स्वतः विचारावेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक