१९७० च्या नोव्हासाठी जुने सुटे भाग जमवून ३५० इंजिन बांधता येईल का?

येईल, आणि जरूर बांधा. तुम्ही ओहायोत १९७० ची शेवरलेट नोव्हा घेतलीत, तिचं मूळचं ३०७ व्ही-८ इंजिन जाम आहे (३०७, ३५० हे आकडे इंजिनाच्या घनइंच क्षमतेचे), नवं तयार इंजिन बजेटमध्ये बसत नाही. म्हणून जंकयार्ड आणि स्वॅप मीटमधून (जुन्या भागांच्या बाजारातून) भाग उचलून ३५० उभं करायचंय, आणि त्यातलं काय जुनं चालेल, काय नवंच घ्यावं, असा प्रश्न आहे. मी शेजारच्या मिशिगनमध्ये राहतो आणि फावल्या वेळात हीच इंजिनं खोलतो-बांधतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निवड उत्तम आहे. ३५० हे इंजिन शेवरलेटनं १९६७ च्या कॅमारोत आणलं आणि पुढे कित्येक वर्षं कार, पिकअप, व्हॅन सगळ्यांत बसवलं. तुमच्या नोव्हाच्या एसएस मॉडेलातही १९७० साली ३०० अश्वशक्तीचं ३५० येत होतं, त्यामुळे गाडीत ते विनातक्रार बसतं. जाम झालेल्या ३०७ चं ऑइल पॅन, पुल्या, माउंट जपून ठेवा, कामाला येतील. ब्लॉक मात्र विसरा: त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.८७५ इंच, ३५० चा ४ इंच. इतकं कापायला भिंतीत लोखंड उरत नाही.

अडचण अशी की बाहेरून सगळे भाग सारखेच दिसतात आणि विकणारा ‘शेवीचंच आहे, बसेल’ म्हणून मोकळा होतो. माझी कसोटी एकच आहे: हा भाग कोणाच्या जोडीनं चालत होता? जोडीदार सोबत मिळत असेल, किंवा मशीनवर घेऊन नव्या जोडीदाराशी जुळवता येत असेल, तर जुना भाग बिनधास्त घ्या. दोन्ही शक्य नसेल तर फुकट मिळाला तरी नको.

सुरुवात ब्लॉकपासून. मागे, गिअरबॉक्स जिथे बोल्टनं बसतो त्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला ओतीव नंबर असतो. ३९७००१० दिसला तर थांबा. १९६९ ते १९७९ मधले कितीतरी ३५० याच नंबराचे आहेत. १९८० पासून डिपस्टिक दुसऱ्या बाजूला गेली, म्हणजे तुमचं पॅन बसणार नाही. १९८६ पासून मागचं ऑइल सील अखंड झालं, म्हणजे क्रँकही (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) वेगळा. म्हणून १९८० च्या आधीचाच ब्लॉक शोधा. लोक चार बोल्टच्या मेन कॅपसाठी (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या कॅप) जास्त पैसे मोजतात. रस्त्यावर चालवायच्या तीन-साडेतीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाला दोन बोल्ट पुरतात, ते पैसे मशीन शॉपसाठी राखा.

महत्त्वाचं हे की पाचही मेन कॅप त्याच ब्लॉकच्या आणि आपापल्या जागी असल्या पाहिजेत. कारखान्यात कॅप बसवून मगच क्रँकची भोकं एका रेषेत कापलेली असतात. एक जरी कॅप परक्या ब्लॉकची निघाली तरी लाइन होनिंगचा (ती भोकं पुन्हा एका रेषेत घासण्याचा) खर्च डोक्यावर बसतो. कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) आणि त्यांच्या कॅपांचंही तसंच. नंबर जुळवून पाहा. रॉड जुने चालतात, बोल्ट नवे घाला आणि मोठं भोक गोल करून घ्या.

जुना पिस्टन दिसत असेल तर डोक्यावरचा आकडा वाचा. ०३० म्हणजे ब्लॉक एकदा तीस थाऊनं बोअर झालाय. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला आणि इथला मशिनिस्ट दोघंही याच मापात बोलतात.) ०६० असेल तर सोडून द्या. कोरा ब्लॉक मिळाला तर तीस थाऊवर ३५५ घनइंच होतात. आधी नवे पिस्टन घ्या आणि शॉपला सांगा, बोअर या पिस्टनांना धरून करा.

क्रँक जुना चालतो, नखाला लागेल असा चरा असेल तरी. ३५० चा मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) २.४५ इंच, रॉड जर्नल २.१० इंच. दहा किंवा वीस थाऊ ग्राइंड करा, तितकी अंडरसाइज बेअरिंगं सहज मिळतात. डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं चाक) आणि फ्लेक्सप्लेट (मागच्या टोकाची तबकडी) मात्र ४०० इंजिनाची तर नाही ना, हे पाहाच. ४०० चं बॅलन्सिंगचं वजन त्या दोन भागांवर असतं. तुमच्या ३५० चं क्रँकवरच होतं. चुकीची जोडी लावली की इंजिन थरथरतं आणि शेवटी बेअरिंगं खातं.

हेडसाठी १९९६ ते १९९९ मधल्या पिकअप आणि सबर्बनमधली व्होर्टेक हेड बघा, ओतीव नंबराच्या शेवटी ९०६ किंवा ०६२. चेंबर ६४ सीसी आणि पोर्ट जुन्या हेडपेक्षा कितीतरी सरस. इथेही जोडी आलीच: इनटेक मॅनिफोल्ड व्होर्टेकचाच हवा, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) सेल्फ-अलाइनिंग हवेत आणि व्हॉल्व्ह कव्हर मधल्या बोल्टची. या हेडना तडे जातात, म्हणून मॅग्नाफ्लक्स तपासणी (चुंबकानं तडे शोधणारी) झाल्याशिवाय त्यांवर एक डॉलरही पुढे खर्चू नका.

आता जे जुनं अजिबात नको: कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (त्याच्या उंचवट्यांवर, म्हणजे लोबवर, टेकणारे भाग). फ्लॅट टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि कॅमचा लोब किंचित तिरपा असतो, म्हणून टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि दोघं एकमेकांवर घासून बसतात. एकदा बसले की प्रत्येक टॅपेट त्याच लोबचा. जुने टॅपेट नव्या कॅमवर, किंवा त्याच कॅमवर जागा बदलून घातले, तर लोब थोड्याच वेळात सपाट होतो आणि त्याचा चुरा तुमच्या नव्या बेअरिंगांत जातो. रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट, टायमिंग चेन, व्हॉल्व्ह स्प्रिंग, ऑइल पंप हेही नवंच.

जोडताना घाई नको. रिंग गॅप दर इंच बोअरमागे चार थाऊ, म्हणजे साधारण सोळा. मेन बेअरिंगला दोन ते अडीच थाऊ फट. प्लास्टिगेज (दाबली की फट दाखवणारी मऊ काडी) ठेवून प्रत्येक कॅप स्वतः मोजा, शॉपनं मोजलं असलं तरी. मेनचे बोल्ट ७० फूट-पाउंड, चार बोल्टच्या कॅपला बाहेरचे ६५. रॉड ४५, हेड ६५. हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, आट्यांना सीलंट लावा.

सुरू करण्याआधी जुन्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा ड्रिलला लावून ऑइल पंप फिरवा, रॉकरपर्यंत तेल चढलेलं दिसेपर्यंत. तेल जास्त झिंकवालं, खास ब्रेक-इनचं (नवं इंजिन पहिल्यांदा चालवण्यासाठीचं) घ्या. आजच्या साध्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी झिंक-फॉस्फरस कमी ठेवलेलं असतं आणि फ्लॅट टॅपेटला ते पुरत नाही. इंजिन पेटल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि किमान वीस मिनिटं खाली येऊ देऊ नका, कारण लोबना तेल क्रँकच्या उडण्यातूनच मिळतं आणि आयडलवर ते फार कमी उडतं. रेडिएटर आणि टायमिंग त्याआधीच नीट करून ठेवा. मग तेल आणि फिल्टर लगेच बदला, जुना फिल्टर कापून आतल्या घड्यांत धातूचा चुरा आहे का ते उजेडात पाहा.

एखादा ब्लॉक हेरला असेल तर त्याचा ओतीव नंबर आणि मेन कॅपांचे फोटो इथे टाका, पैसे देण्याआधी पाहून सांगतो.