डिजिटल कॅमेऱ्यासाठी छंद म्हणून मोफत सॉफ्टवेअर लिहायचे असल्यास सुरुवात कशी करावी?

सी आणि पायथन या भाषा तुम्हाला बऱ्यापैकी येतात, तुम्ही हौसेने फोटो काढता आणि कॅमेऱ्याच्या कामी येईल असा एखादा छोटा प्रोग्रॅम लिहून तो इतरांना मोफत द्यावा, अशी तुमची इच्छा आहे. सुरुवात कशापासून करावी, कॅमेरा कंपन्या जी माहिती देत नाहीत ती कुठून मिळवावी आणि यात धोके कोणते, असे तुम्ही विचारले आहे. मी अनेक वर्षे अशी छोटी टूल्स लिहीत आणि वाटत आलो आहे. हे काम मला मनापासून आवडते, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

पहिला प्रश्न विषय निवडण्याचा आहे. फोटो आयात करण्यापासून छपाईपर्यंत सगळे करणारे मोफत प्रोग्रॅम, उदाहरणार्थ डार्कटेबल किंवा डिजीकॅम, आधीच उपलब्ध आहेत आणि त्यांच्यामागे अनेक लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. एकट्या हौशी माणसाने त्यांच्याशी बरोबरी करू पाहणे म्हणजे उत्साह वाया घालवणे होय. तुम्ही स्वतः ज्या एका अडचणीने वारंवार वैतागता तेवढीच घ्या आणि ती पूर्णपणे सोडवा. नेमके एकच काम करणारा आणि ते चोख करणारा प्रोग्रॅम लोक पुढे कित्येक वर्षे वापरतात.

सुरुवातीसाठी मी फोटोची वेळ दुरुस्त करणारे टूल सुचवेन. एकाच समारंभात दोन कॅमेरे वापरले आणि त्यांच्या घड्याळांत काही मिनिटांचा फरक असला, की वेळेनुसार लावलेले फोटो एकमेकांत भलत्या क्रमाने मिसळतात. ही अडचण अगदी सर्वसामान्य आहे आणि तिच्या उत्तरात शिकण्यासारखे खूप आहे. कोणतीही जेपेग फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. पहिले दोन बाइट एफएफ डी८ असतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलमध्ये त्यानंतर बहुधा एफएफ ई१ हा मार्कर, मग दोन बाइटांची लांबी, मग ‘एक्सिफ’ (Exif, फोटोसोबतची माहिती साठवण्याचे मानक) ही चार अक्षरे आणि दोन शून्य बाइट दिसतात. त्यापुढचा भाग टिफ या चित्रफाइल-स्वरूपाच्या पद्धतीने रचलेला असतो. त्याच्या आरंभी ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ ही दोन अक्षरे असतात, ज्यांवरून आकड्यांतील बाइटांचा क्रम कळतो, आणि त्यांच्या मागोमाग ४२ ही ओळखसंख्या येते. येथे नवशिका हमखास अडखळतो, कारण टिफच्या भागात ‘आयआय’ असले, म्हणजे लहान टोकाचा बाइट आधी येत असला, तरी जेपेगच्या मार्करची लांबी मात्र नेहमी मोठ्या टोकाकडूनच वाचायची असते.

यापुढे टॅगांची, म्हणजे माहितीच्या क्रमांक दिलेल्या नोंदींची, यादी येते. यादीतील प्रत्येक नोंद १२ बाइटांची असते: दोन बाइट टॅगचा क्रमांक, दोन बाइट माहितीचा प्रकार, चार बाइट संख्या आणि शेवटचे चार बाइट मूल्य. मूल्य चार बाइटांत मावत नसेल तर त्या जागी ते फाइलमध्ये कुठे ठेवले आहे त्याचा पत्ता असतो. फोटो काढल्याची वेळ हेक्साडेसिमलमधील ९००३ या क्रमांकाच्या टॅगमध्ये असते आणि ती साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेली असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशी १९ अक्षरे आणि शेवटी एक शून्य बाइट. ही लांबी ठरलेली असल्यामुळे वेळ बदलताना तेवढ्याच जागेवर नवी अक्षरे लिहिता येतात. फाइलची लांबी बदलत नाही, कोणताही पत्ता हलत नाही आणि चित्राच्या बाइटांना धक्काही लागत नाही. पहिल्या प्रकल्पासाठी याहून सुरक्षित काम मला तरी माहीत नाही.

अर्थात, ते दिसते तितके सरळही नाही. वेळेचे टॅग एकाहून अधिक असतात: ०१३२ हा फाइल बदलल्याच्या वेळेचा, ९००४ हा डिजिटल रूप मिळाल्याच्या वेळेचा, आणि काही कंपन्या आपल्या खासगी भागात आणखी एक वेळ ठेवतात. शिवाय त्या १९ अक्षरांत टाइमझोनचा उल्लेखच नसतो. त्यासाठीचे स्वतंत्र टॅग एक्सिफच्या २.३१ या आवृत्तीत, म्हणजे २०१६ मध्ये आले, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत ते सापडणार नाहीत. अशा फोटोंबाबत प्रोग्रॅमने टाइमझोनचा अंदाज स्वतः बांधू नये, वापरणाऱ्याला विचारावे.

मूळ जागेवर लिहिण्याऐवजी नवा टॅग घालायचा किंवा एखादा काढायचा झाला, की परिस्थिती बदलते. प्रत्येक कंपनी ‘मेकरनोट’ नावाच्या टॅगमध्ये लेन्सचे नाव, फोकसचे तपशील, अंतर्गत सेटिंग्ज अशी स्वतःची माहिती ठेवते. तिची रचना जाहीर केलेली नसते आणि तिच्या आतले पत्ते अनेकदा मेकरनोटच्या आरंभापासून न मोजता टिफच्या आरंभापासून मोजलेले असतात. तुमच्या प्रोग्रॅमने हा भाग चार बाइट पुढे सरकवला, तरी आतले सगळे पत्ते चुकतात. फोटो उघडतो, दिसतोही नीट, त्यामुळे बिघाड त्या दिवशी कोणाच्याच लक्षात येत नाही; पुढे कधीतरी लेन्सच्या नावाने शोध घेतल्यावर काहीच सापडत नाही. म्हणून या कामासाठी स्वतः कोड लिहू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. फिल हार्वी यांनी २००३ पासून पर्लमध्ये विकसित केलेले एक्सिफटूल हे असे पत्ते ओळखून दुरुस्त करण्याचा प्रयत्न करते आणि असंख्य मॉडेल्सच्या खासगी टॅगांचे अर्थही त्याला ठाऊक आहेत. तुमच्या प्रोग्रॅमने त्याला कमांड लाइनवरून हाक मारावी. त्याच्या कोडमधील तक्ते वाचणे हेच एक उत्तम शिक्षण आहे, आणि कंपन्या जी माहिती देत नाहीत तिचा मोठा वाटा तुम्हाला तिथेच मिळेल.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. तुमचा प्रोग्रॅम मोफत असला, तरी वापरणारा माणूस त्याच्या स्वाधीन जे करतो ते पुन्हा निर्माण करता येत नाही. परवाना-मजकुरात ‘कोणतीही हमी नाही’ असे लिहिणे कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण कोणाच्या आजीचा शेवटचा फोटो त्यामुळे परत येत नाही. मेमरी कार्डावर थेट काहीही लिहू नका. आधी संगणकावर प्रत घ्या आणि तिच्यावर काम करा. त्या प्रतीच्या बाबतीतही बदललेली माहिती त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाच्या नव्या फाइलमध्ये लिहा, ती डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करा, पुन्हा उघडून वाचा, चित्राचा संकुचित भाग मूळ फाइलशी बाइट-बाइट जुळतो का ते तपासा आणि मगच नाव बदलून ती जुन्या फाइलच्या जागी आणा. फोल्डर तेच असण्याचे कारण असे, की नाव बदलण्याची क्रिया एकाच फाइल सिस्टिममध्ये एका झटक्यात होते. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच क्रिया प्रत्यक्षात नकल ठरते, आणि ती मध्येच वीज गेल्यास अर्धवट राहू शकते. ‘कॉपी झाल्यावर कार्डावरून डिलीट करा’ ही सोय माझ्या टूल्सकडे लोक वारंवार मागतात. मी ती आजवर दिलेली नाही आणि देणारही नाही. कार्ड रिकामे करण्याचे काम कॅमेऱ्यानेच करावे.

फाइलच्या नावांवर विसंबू नका. कॅमेऱ्यांच्या फाइलरचनेसाठी डीसीएफ हे मानक आहे. त्यानुसार नावात चार अक्षरे आणि ०००१ ते ९९९९ असा आकडा असतो, म्हणजे ९९९९ नंतर तीच नावे पुन्हा सुरू होतात. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर त्याआधीच नावे एकमेकांवर आदळतात. दोन फाइली एकच आहेत की वेगळ्या, हे नावावरून न ठरवता हॅश, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेली ओळखसंख्या, काढून ठरवा, आणि नाव सारखे पण मजकूर वेगळा असेल तर दोन्ही ठेवा.

संगणकावरून कॅमेरा चालवण्याची, म्हणजे ठरावीक अंतराने शटर दाबणे, सेटिंग बदलणे अशा कामांची आवड असेल, तर पीटीपी हा प्रोटोकॉल अभ्यासा. तो आयएसओ १५७४० या क्रमांकाने प्रमाणित आहे. यूएसबीवरून जाणाऱ्या त्याच्या प्रत्येक संदेशाला १२ बाइटांचा मथळा असतो, ज्यात लांबी, प्रकार, आज्ञेचा कोड आणि व्यवहाराचा क्रमांक येतो. हेक्साडेसिमलमधील १००१ ही आज्ञा पाठवली, की कॅमेरा आपण कोणत्या आज्ञा पाळू शकतो याची यादी स्वतःच परत देतो. हे उत्तर आपल्या कोडने मिळवलेले पाहणे हा विलक्षण आनंद आहे. मॉडेलच्या नावावरून क्षमता गृहीत धरण्याऐवजी या यादीवर विश्वास ठेवलात, तर कधीही न पाहिलेल्या कॅमेऱ्यावरही तुमचा प्रोग्रॅम शहाण्यासारखा वागेल. कंपन्यांच्या खासगी आज्ञांचे बरेचसे ज्ञान लिबजीफोटो२ या मुक्त लायब्ररीत साठलेले आहे. तिला २,५०० हून अधिक कॅमेरे ओळखता येतात. लिनक्सवर ‘उपकरण व्यस्त आहे’ अशी तक्रार आल्यास आधी फाइल मॅनेजर तपासा, कारण कॅमेरा जोडताच तो त्याला आपल्या ताब्यात घेतो. काही कंपन्या स्वतःचे विकासकसंचही देतात, पण त्यांच्या अटींनुसार ते तुमच्या मुक्त कोडसोबत वाटता येतात की नाही, हे काम सुरू करण्यापूर्वीच वाचून घ्यावे.

रॉ फाइलींबद्दल, म्हणजे सेन्सरचा मूळ डेटा ठेवणाऱ्या फाइलींबद्दल, थोडक्यात सांगतो. निकॉनची एनईएफ, कॅननची जुनी सीआर२ आणि सोनीची एआरडब्ल्यू ही स्वरूपे टिफच्याच घराण्यातील असल्याने वर वर्णन केलेला टॅग वाचणारा कोड त्यांतही बराच चालतो. कॅननची सीआर३ मात्र व्हिडिओ फाइलींच्या रचनेवर बेतलेली आहे. चित्राचा मूळ डेटा उलगडण्यासाठी लिबरॉ ही लायब्ररी वापरा. एक घटना मात्र जाणून घेण्यासारखी आहे. २००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्स या कॅमेऱ्याच्या फाइलींत व्हाइट बॅलन्सची माहिती गुप्त लिपीत ठेवलेली आढळली, आणि ती डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरने उलगडली. कॉफिन यांनीच १९९७ मध्ये डीसीरॉ हा रॉ फाइली उलगडणारा प्रोग्रॅम सुरू केला होता.

कॅमेऱ्याच्या आतच आपला कोड चालवण्याचे आकर्षण तुम्हाला वाटेलच. कॅननच्या पॉवरशॉट मालिकेसाठी सीएचडीके आणि ईओएस मालिकेसाठी मॅजिक लँटर्न हे प्रकल्प हौशी लोकांनीच उभे केले. सीएचडीके मेमरी कार्डावरून मेमरीत चढते आणि मूळ फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातले कंपनीचे सॉफ्टवेअर, बदलत नाही. त्यात लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहिता येतात, तेव्हा जुना पॉवरशॉट हाताशी असेल तर तिथून प्रवेश करणे उत्तम. मात्र प्रत्येक मॉडेल आणि प्रत्येक फर्मवेअर आवृत्तीसाठी स्वतंत्र बांधणी लागते, आणि भलतीच आवृत्ती चढवण्याचा प्रयोग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर कधीही करू नये.

प्रोग्रॅम प्रसिद्ध केल्यावर तुमचा बहुतेक वेळ तुमच्याकडे नसलेल्या कॅमेऱ्यांवर जाईल, याची तयारी ठेवा. त्यासाठी नमुना फाइलींचा संग्रह हीच खरी पुंजी असते. रॉ नमुन्यांसाठी रॉ डॉट पिक्सल्स डॉट यूएस (raw.pixls.us) हा खुला संग्रह आहे. तक्रार आली की मॉडेलचे नाव, फर्मवेअरची आवृत्ती आणि कॅमेऱ्यातून थेट निघालेली एक फाइल मागा. मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो म्हणून पाठवलेली प्रत बहुधा नव्याने संकुचित झालेली आणि मेटाडेटा गमावलेली असते, म्हणून फाइल झिप करून पाठवायला सांगा. त्याच वेळी हेही सांगा, की रिकाम्या भिंतीचा फोटो पुरेसा आहे, कारण फाइलमध्ये कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि कधीकधी ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असतात. आलेला नमुना मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय सार्वजनिक भांडारात ठेवू नका. ज्या फाइलवर प्रोग्रॅम अडखळला ती कायमची स्वयंचलित चाचणीत घाला. चाचणीच्या फोल्डरांची नावे देवनागरीत किंवा जपानीत ठेवा. केवळ इंग्रजी नावांवर तपासलेला प्रोग्रॅम इतरांच्या संगणकावर अनेकदा पहिल्याच फाइलला बंद पडतो.

परवाना पहिल्याच दिवशी ठरवा, कारण तो तुम्ही वापरलेल्या लायब्ररींवरही अवलंबून असतो. लिबजीफोटो२ एलजीपीएल या तुलनेने सैल परवान्याखाली आहे, तर एक्झिव्ह२ ही फोटोचा मेटाडेटा वाचणारी-लिहिणारी लायब्ररी जीपीएल या अधिक कडक परवान्याखाली, म्हणजे ती जोडून वाटलेल्या तुमच्या प्रोग्रॅमलाही जीपीएलच्या अटी लागू होतात. टूलच्या नावात कंपनीचे नाव अधिकृत वाटेल अशा रीतीने घालू नका. सोर्स कोडबरोबरच तुम्हाला सापडलेल्या बाइटांचे अर्थ वेगळ्या टिपणात लिहून प्रसिद्ध करा, कारण छंद असल्याने कधीतरी तुम्हाला थांबावेसे वाटेल आणि तेव्हा दुसऱ्याला पुढे जाता आले पाहिजे. डीसीरॉची शेवटची आवृत्ती २०१८ मध्ये आली, पण तिचा कोड खुला असल्यामुळे त्याच्या कितीतरी आधी त्यातून लिबरॉ उभी राहिली होती, आणि नव्या कॅमेऱ्यांच्या फाइली आज तिच्याद्वारे उघडतात.